विश्लेषण : भाड्याच्या घरात ओल, कुजलेली चौकट... दुरुस्तीचा खर्च कुणाचा?

पावसाळ्यात भाड्याच्या घरांमधून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. भिंतीला पोपडे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी धरते, न्हाणीघराच्या दाराची चौकट खालून इतकी भुसभुशीत होते की बोटाने दाबली तरी आत जाते. भाडेकरू म्हणतो, घरच गळके आहे. घरमालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळत घालता. हा वाद बहुतेक वेळा संपतो तो घर सोडताना, अनामत रकमेतून रंगकाम आणि सुतारकामाचे पैसे कापले जातात तेव्हा. प्रत्यक्षात दुरुस्तीची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर दोन गोष्टींवर ठरते. पाणी कुठून येते आणि भाडेकरूच्या हातात कोणता कागद आहे. त्याचा हा आढावा.

ओल नेमकी कुठून येते?

घरातील ओल साधारण चार प्रकारची असते. पहिली पावसाची. बाहेरच्या भिंतीतील भेगा, गच्चीचा फुटलेला कोबा, खिडकीभोवतीच्या फटी यांतून पाणी आत झिरपते. ती पावसाबरोबर वाढते आणि ऊन पडले की काही आठवड्यांत कमी होते. दुसरी गळतीची. भिंतीत दबलेला नळ, वरच्या मजल्यावरचा नहाणी ट्रॅप किंवा संडासाचा सांधा फुटला की डाग बाराही महिने ओला राहतो आणि पसरत जातो. तिसरी जमिनीतून वर चढणारी. तळमजल्यावर, विशेषतः जोत्यात ओलरोधक थर नसलेल्या जुन्या बांधकामात, ओल फरशीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत चढते आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो. चौथी बाष्पाची. स्वयंपाकाची, आंघोळीची आणि ओल्या कपड्यांची वाफ बाहेर न गेल्याने ती गार भिंतीवर जमते. ती कोपऱ्यात, पलंगामागे, भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे दिसते.

पहिल्या तीन प्रकारांत दोष इमारतीचा असतो. चौथ्यात राहणाऱ्याच्या सवयींचा थोडा वाटा असतो. मात्र खिडकीच नसलेले न्हाणीघर किंवा एक्झॉस्ट पंखा नसलेले स्वयंपाकघर असेल, तर तो दोषही मुळात घराचाच. फरक ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. ओलसर भागावर प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. खोलीच्या बाजूला थेंब जमले असतील तर ते बाष्प. भिंतीच्या बाजूने फॉइल ओले झाले असेल, तर पाणी भिंतीतून येते आहे.

लाकूड का कुजते?

लाकूड कुजवणारी बुरशी कोरड्या लाकडात वाढत नाही. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या वर गेले आणि दीर्घकाळ तसेच राहिले, तरच ती जोर धरते. त्यामुळे कुजलेली चौकट हा मूळ आजार नसून पाणी कुठूनतरी सतत येत असल्याची खूण आहे. न्हाणीघराची चौकट नेहमी खालून कुजते, कारण तिचे पाय फरशीत गाडलेले असतात आणि तिथे रोज पाणी साचते. नवीन चौकट बसवून पाणी थांबवले नाही, तर काही वर्षांत तीच गत होते. म्हणूनच अलीकडे न्हाणीघराला लाकडाऐवजी ग्रॅनाइटची चौकट बसवण्याचा प्रघात पडला आहे.

कूज आणि वाळवी यांतही फरक करायला हवा. कुजलेले लाकूड मऊ पडते, काळवंडते, त्याचे चौकोनी तुकडे पडतात. वाळवीने खाल्लेले लाकूड वरून धड दिसते, पण ठोकले तर पोकळ वाजते आणि जवळपास मातीच्या नळ्या दिसतात. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. वाळवीचे औषध मारून कूज थांबत नाही.

मुंबईतील जुन्या चाळी आणि इमारतींमध्ये हा प्रश्न केवळ दाराच्या चौकटीपुरता राहत नाही. त्यांचा सांगाडाच सागवानी खांब आणि तुळयांचा आहे. सागाचा गाभा टिकाऊ असला, तरी तुळईचे टोक जिथे भिंतीत बसवलेले असते तिथे भिंत वर्षानुवर्षे ओली राहिली, तर सागही टिकत नाही. खोलीत नंतर केलेली मोरी आणि संडास यामुळे हा धोका वाढतो. जमीन एका बाजूला कललेली, दार अचानक अडकू लागलेले, छताच्या कडेला नवी भेग, ही लक्षणे असतील तर तो सुताराचा नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा विषय ठरतो.

आरोग्याला धोका किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी, अॅलर्जी आणि दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना अधिक जपावे लागते. त्यामुळे भिंतीवरचा काळा डाग हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही.

जुन्या भाडेकरूंना कायदा काय देतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार भाडेकरूने उलट करार केलेला नसेल, तर जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. त्याने दुर्लक्ष केले, तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः किंवा इतर भाडेकरूंसह मिळून ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. खर्चाचा हिशेब आणि पावत्या हा या खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो घरमालकावर बंधनकारक असतो. त्यामुळे नोटीस न देता केलेले काम आणि बिलाशिवाय दिलेले पैसे या दोन्ही गोष्टी भाडेकरूच्याच अंगाशी येतात.

आणखी एक तरतूद फारशी माहीत नसते. घरमालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम करणे हे भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे एक कारण आहे. मात्र आवश्यक तिथे पालिकेची परवानगी घेऊन बसवलेले दार, लाकडी पार्टिशन, वायुवीजनासाठी उघडलेली खिडकी किंवा धूर बाहेर टाकणारी सोय हे ‘कायमस्वरूपी बांधकाम’ धरले जात नाही, असे कलम १६ मध्येच स्पष्ट केले आहे. बाष्पाच्या ओलीवर उपाय करणाऱ्या भाडेकरूला याचा आधार आहे.

मग अडचण कुठे येते?

अडचण रकमेत आहे. एका वर्षात भाड्यातून वळती करता येणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. पागडीच्या घरांची भाडी पाहता ही मर्यादा हक्कच निष्प्रभ करते. २००० साली महिना १०० रुपये असलेले भाडे कायद्यानुसार दरवर्षी ४ टक्के वाढवत नेले, तरी २५ वर्षांनी ते सुमारे २६७ रुपये होते. वर्षाचे झाले सुमारे ३,२०० रुपये आणि त्याचा चौथा हिस्सा ८०० रुपये. एवढ्यात चौकट सोडा, सुताराची एका दिवसाची मजुरीही निघत नाही.

घरमालकांची बाजूही याच आकड्यांत आहे. अशा भाड्यात इमारतीची देखभाल परवडत नाही, हा त्यांचा जुना मुद्दा. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो बऱ्याच अंशी मान्य केला होता. भाडी गोठवून ठेवण्याच्या जुन्या मुंबई भाडे कायद्यातील तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे मत न्यायालयाने नोंदवले. १९९९ चा कायदा त्यानंतर आला, पण त्यातील ४ टक्क्यांच्या वाढीने दुरुस्तीचा खर्च निघेल अशी स्थिती आली नाही. परिणामी अनेक जुन्या इमारतींत दुरुस्तीची कायदेशीर जबाबदारी एकाची, गरज दुसऱ्याची आणि पैसे कुणाकडेच नाहीत, असा पेच आहे.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचे काय?

आज शहरांत नव्याने भाड्याने घर घेणारे बहुसंख्य लोक या करारावर राहतात. बोलीभाषेत ते भाडेकरू असले, तरी कायद्याच्या भाषेत ते भाडेकरू नसून परवानाधारक आहेत. त्यामुळे कलम १४ चा दुरुस्तीचा हक्क त्यांना मिळत नाही. म्हणजे ज्याचे भाडे ८०० रुपयांच्या मर्यादेत अडकते त्याला हक्क आहे आणि जो महिन्याला २५ हजार रुपये मोजतो त्याला तो नाही.

घरमालकासाठी याच कायद्यात जलद मार्ग आहे. कराराची मुदत संपूनही परवानाधारकाने घर सोडले नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते. घर गळते किंवा अनामत अडवली, अशी तक्रार करण्यासाठी परवानाधारकाला मात्र असा मार्ग नाही. त्याला स्वतंत्र दावाच लावावा लागतो.

तरीही तो अगदीच निराधार नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातील कलम ५७ नुसार, राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष जागेत आहे हे मालकाला ठाऊक असेल आणि परवानाधारकाला नसेल, तर तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. कुजलेला सज्जा किंवा ओलीत करंट उतरणारी भिंत नव्या रंगाखाली झाकून घर दिले असेल, तर हे कलम उपयोगी पडते. दुसरा आधार भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ चा. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

सोसायटीची जबाबदारी किती?

फ्लॅट सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल, तर आदर्श उपविधी कामे वाटून देतात. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक जल आणि मलवाहिन्यांची गळती, इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती आणि गच्चीतून पाणी झिरपल्याने सर्वात वरच्या मजल्याच्या छताचे झालेले नुकसान ही कामे संस्थेची. संडास, सिंक यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकांचा. भाड्याने राहणाऱ्याला संस्थेच्या सभेत मत नसते. त्यामुळे फ्लॅटमालकाने स्वतःच्या सहीने अर्ज दिल्याशिवाय काम सहसा हलत नाही. भाडेकरूने तक्रार फ्लॅटमालकाला लेखी द्यावी आणि प्रत संस्थेच्या सचिवाला, हा व्यवहार्य मार्ग.

इमारतच जीर्ण असेल तर?

मुंबई शहर बेटावरील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या जुन्या इमारतींपैकी हजारो इमारती उपकरप्राप्त आहेत. त्यांच्या सांगाड्याची दुरुस्ती म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करते. खोलीच्या आतील रंग, दार, चौकट ही कामे त्यात येत नाहीत. कुजलेली तुळई मात्र येते, म्हणून तक्रार करताना हा फरक स्पष्ट लिहावा. उपनगरांना ही व्यवस्था लागू नाही.

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. पाहणीनंतर इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती आवश्यक. सी-२ बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती शक्य. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अनेक भाडेकरू घर सोडत नाहीत, कारण इमारत पडली की हक्क जातो, अशी भीती असते. याबाबत सर्वोच्च न्यायालयाने शाह रतनशी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या सांगलीच्या प्रकरणात २०१४ मध्ये स्पष्ट निकाल दिला आहे. पालिकेने इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. मात्र बाहेर पडण्यापूर्वी खोलीचे मोजमाप, भाडेपावत्या आणि वीजबिले यांची नोंद जपणे गरजेचे आहे.

नवा कायदा आणि परदेशातील अनुभव काय सांगतो?

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. त्यात दुरुस्तीची यादीच आहे. सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग, दारे-खिडक्यांचे रंगकाम, नळजोडणी बदलणे आणि विजेच्या तारा ही कामे मालकाची. नळाचे वॉशर, नाल्यांची सफाई, वॉश बेसिनची दुरुस्ती, कड्या-कुलपे, काचा ही कामे भाडेकरूची. मालकाने टाळाटाळ केल्यास भाडेकरू काम करून घेऊन महिन्याच्या भाड्यातून ५० टक्क्यांपर्यंत रक्कम वळती करू शकतो. घर राहण्याजोगेच नसेल, तर १५ दिवसांच्या नोटिशीने ते सोडू शकतो. पण हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा लागू आहे.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न एका बालकाच्या मृत्यूनंतर ऐरणीवर आला. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे श्वसनाचा विकार जडल्याने तो दगावला, असा निष्कर्ष मृत्युचौकशीत २०२२ मध्ये निघाला. पालकांनी अनेकदा तक्रारी केल्या होत्या. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील सामाजिक गृहनिर्माणातील घरांना लागू झाला. तातडीच्या धोक्यावर २४ तासांत कारवाई, गंभीर ओल आणि बुरशीची १० कामकाजाच्या दिवसांत पाहणी आणि त्यानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत घर सुरक्षित करणे तिथे बंधनकारक आहे. आपल्या कलम १४ मध्ये केवळ ‘वाजवी मुदत’ आहे. ती किती, हे ठरवायला भाडेकरूला न्यायालयातच जावे लागते.

करारात काय लिहून घ्यावे?

परवानाधारकासाठी करार हाच खरा कायदा आहे. ठोकळेबाज मसुद्यात सहसा एवढेच असते की, राहणाऱ्याने घर आहे त्या स्थितीत ठेवावे, नैसर्गिक झीज वगळता. त्यात पुढील आशयाचे कलम जोडून घेता येते : ‘छत, बाहेरील भिंती, भिंतीतील नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, दारे-खिडक्यांच्या चौकटी यांतील गळती, ओल, वाळवी किंवा कूज यांची दुरुस्ती घरमालक स्वखर्चाने करील. लेखी कळवल्यापासून ७ दिवसांत पाहणी आणि ३० दिवसांत काम होईल. तसे न झाल्यास राहणारा काम करून घेईल आणि पावत्यांनुसार खर्च मासिक शुल्कातून वळता करील, किंवा उर्वरित मुदतीचे शुल्क न देता करार संपवू शकेल.’

ताबा घेतानाच प्रत्येक भिंत, छताचे कोपरे, सिंकखालचे कपाट, दारांच्या चौकटींचे पाय आणि खिडक्यांच्या खालच्या कडा यांचे फोटो काढावेत आणि त्याच दिवशी मालकाला पाठवावेत. घर सोडताना अनामत वाचवते ती हीच नोंद. घर पाहायला शक्यतो पावसाळ्यात जावे. नुकताच रंग दिलेली एकच भिंत दिसली, तर कारण विचारावे.

ओल आढळल्यास काय करावे?

आधी पाण्याचा उगम शोधावा, मग लेखी कळवावे. मोबाइलवरचा संदेश चालतो, पण उत्तर आले नाही तर स्पीड पोस्टने नोटीस पाठवावी. त्यात जागा, ओल कधीपासून आहे, फोटो आणि अपेक्षित दुरुस्ती लिहावी. भाडे मात्र थांबवू नये. थकबाकीची मागणी करणारी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत पैसे भरले नाहीत, तर जुन्या भाडेकरूवरही घर खाली करण्याचा दावा लागू शकतो. परवानाधारकासाठी तर तो सरळ करारभंग ठरतो.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. पाणी थांबवणे, भिंत आणि लाकूड पूर्ण वाळू देणे, कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढणे, नवे लाकूड औषध लावून बसवणे आणि शेवटी गिलावा, रंग. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग मारला, तर पुढच्या पावसाआधीच त्याचे पोपडे निघतात. बुरशी कोरडी खरवडू नये, तिचे कण हवेत पसरतात. मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. ब्लीच वापरल्यास त्यात अॅसिड मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि आंघोळीनंतर पंखा चालू ठेवावा. यामुळे बाष्पाची ओल कमी होते आणि ओल सवयीमुळे आली, हा युक्तिवादही टिकत नाही.